दारं कुणी धरायची? साखर, यीस्ट आणि सोलापूरच्या कार्बनची गोष्ट

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत बसल्यावर ज्यांचं नेट जातं, त्यांच्यासाठी खास.

सुरुवात एका वासापासून करू. डिसेंबरच्या संध्याकाळी सोलापूरहून पंढरपूर, अकलूज, माढा, कुठल्याही दिशेला निघा. पुढे उसाचे दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर डुलत चाललेला असतो, ओव्हरटेक करायला जागा नसते, आणि तेवढ्यात नाकात तो वास शिरतो. थोडा गोड, थोडा आंबूस, खाली कुठेतरी कुजकट. आपण गाडीच्या काचा वर करतो आणि म्हणतो, "आला कारखाना."

त्या वासाच्या मुळाशी डिस्टिलरी असते. आणि डिस्टिलरीतली खरी कामगार मंडळी डोळ्यांना दिसत नाहीत. ती म्हणजे यीस्ट. एका टाकीत अब्जावधी यीस्टच्या पेशी मळी खातात आणि अल्कोहोल सोडतात. आजचा प्रश्न साधा आहे. या पेशींनी साखरेचं काय करायचं, हे ठरवतं कोण? पेशी, कारखाना, दिल्लीचा कागद, की आपण? या प्रश्नाला शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे, आणि तो सोलापूरशी जेवढा जोडलेला आहे तेवढं आपल्याला कुणी शाळेत सांगितलं नाही.

आधी जरा हिशोब

ग्लुकोजच्या एका रेणूत सहा कार्बन असतात. यीस्टनं त्याचं अल्कोहोल केलं की चार कार्बन अल्कोहोलमध्ये जातात आणि दोन कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत. वजनात सांगायचं तर 100 किलो ग्लुकोजमधून जास्तीत जास्त 51 किलो अल्कोहोल मिळतं आणि 49 किलो वायू उडून जातो. हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी थोडी साखर वापरतं, थोडं ग्लिसरीन बनवतं, म्हणून कारखान्यात त्या 51 च्या साधारण 90 टक्के हाती लागतं.

आता हा कार्बन आला कुठून? उसातून. आणि ऊस कशावर वाढला? आपल्या पाण्यावर. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक किलो साखरेमागे दीड ते दोन हजार लिटर पाणी लागतं असं धरतात. आणि याच जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत. म्हणजे डिस्टिलरीच्या टाकीतून बुडबुडे होऊन जो कार्बन उडतो, त्याच्यासाठी उजनीचं पाणी आपण आधीच मोजलेलं असतं. हे डोक्यात ठेवा, शेवटी परत इथेच यायचंय.

पेशी म्हणजे पाटपाण्याचं रान

चयापचय म्हटलं की दहावीच्या पुस्तकातली ती बाणांची आकृती आठवते आणि झोप येते. म्हणून ती बाजूला ठेवू. ज्यांच्या घरी बागायत आहे त्यांना रात्री दारं धरायला जाणं माहीत आहे. कालव्यातून पाटात पाणी येतं, पाटातून चारीत, चारीतून सरीत. एक दारं फोडलं की पाणी इकडे, ते बुजवून दुसरं फोडलं की तिकडे. पाणी तेवढंच. कुठलं रान भिजणार ते दाऱ्यावर ठरतं.

पेशीतही तेच. साखर म्हणजे कालव्याचं पाणी. आत शेकडो चाऱ्या. प्रत्येक दाऱ्यावर एक एन्झाइम बसलेलं. एक वाट अल्कोहोलकडे जाते, एक ग्लिसरीनकडे, एक पेशीच्या भिंतीकडे, एक प्रथिनांकडे. पेशी स्वतःची दारं स्वतः धरते, आणि तिचा हेतू एकच, आपलं पीक भिजवायचं. म्हणजे वाढायचं आणि एकाची दोन व्हायचं. आपल्याला अल्कोहोल हवं की औषध हवं की प्लास्टिक, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

तर सूक्ष्मजीवांकडून रसायनं बनवून घेण्याचा सगळा इतिहास म्हणजे दुसऱ्याच्या रानात जाऊन दारं धरण्याचा इतिहास.

माळशिरसमधली मळी

1932 साली इंग्रज सरकारनं देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा केला. बाहेरच्या साखरेवर जकात बसली, आणि देशात जिथे तीसेक कारखाने होते तिथे चार-पाच वर्षांत आकडा सव्वाशेच्या पुढे गेला. त्यातले दोन आपल्याकडचे. सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरला स्वतःची सासवड माळी शुगर फॅक्टरी उभी केली. आणि चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, तिचा कारखाना श्रीपूरला. दोन्ही ठिकाणं माळशिरस तालुक्यात. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, उसामागे धुराडं आलं.

पण साखर म्हटली की मळी आलीच. एक टन ऊस गाळला की शेवटी साधारण 40 ते 45 किलो मळी उरते. काळी, चिकट, साखर असूनही साखर काढता न येणारी. देशभर नवे कारखाने निघाले आणि प्रत्येकाच्या मागे मळीचे खड्डे भरू लागले. करायचं काय तिचं? उत्तर जुनंच होतं, यीस्टला घाला. एक टन मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल निघतं. 1948 साली, स्वातंत्र्याला वर्ष होत असताना, देशानं पॉवर अल्कोहोलचा कायदाही केला, म्हणजे पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायचा. हो, आज पंपावर ज्या इथेनॉलवरून भांडणं होतात, ती कल्पना एवढी जुनी आहे.

पण लक्षात घ्या, या सगळ्यात दारं कुणी धरलं नव्हतं. यीस्ट जे देत होतं ते आपण घेत होतो.

पहिलं दारं बुजवलं ते युद्धात

आता थोडं लांब जाऊ, जर्मनीत. पहिलं महायुद्ध चालू आहे. ब्रिटिश नौदलानं समुद्र अडवलाय, बाहेरून तेल-चरबी येत नाही. चरबीपासून ग्लिसरीन निघतं आणि ग्लिसरीनपासून नायट्रोग्लिसरीन, म्हणजे दारूगोळा. जर्मनीकडे चरबी नाही, पण बीटाची साखर आहे.

कार्ल न्यूबर्ग नावाच्या जीवरसायनशास्त्रज्ञानं यीस्टच्या आतल्या वाटा अभ्यासल्या होत्या. त्याला माहीत होतं की अल्कोहोल बनण्याच्या एक पायरी आधी ॲसिटाल्डिहाइड बनतं. त्या पायरीवर यीस्ट आपल्याजवळचा जास्तीचा हायड्रोजन त्याच्यावर टाकतं आणि मोकळं होतं. मग न्यूबर्गनं काय केलं? टाकीत सल्फाइट घातलं. सल्फाइटनं ॲसिटाल्डिहाइडला धरून ठेवलं. दारं बुजलं. आता हायड्रोजन टाकायचा कुठे? यीस्टला दुसरी चारी शोधावी लागली, आणि ती चारी ग्लिसरीनकडे जात होती.

कॉन्स्टाइन आणि ल्यूडेके या दोघांनी हे कारखान्याच्या पातळीवर नेलं, आणि युद्धाच्या काळात जर्मनी महिन्याला सुमारे हजार टन ग्लिसरीन साखरेतून काढत होती. जनुक हा शब्द जेमतेम जन्मला होता, डीएनएची रचना कळायला अजून 35 वर्षं होती, आणि माणसानं पेशीच्या आतलं पाणी वळवलं होतं. विचार करून, वाट माहीत करून घेऊन. दुर्दैव एवढंच की ते बॉम्बसाठी होतं. आणि ज्यानं ते शोधलं, त्या न्यूबर्गला तो ज्यू होता म्हणून 1934 साली त्याच्या संस्थेच्या प्रमुखपदावरून काढलं गेलं. 1956 साली तो न्यूयॉर्कमध्ये वारला.

समोरच्या बाजूला, ब्रिटनमध्ये, हाइम वाइझमन हा रसायनशास्त्रज्ञ मक्याच्या स्टार्चवर एक जीवाणू वाढवत होता. त्यातून ॲसिटोन मिळायचं, तेही दारूगोळ्यासाठीच. गंमत अशी की तो जीवाणू ॲसिटोनच्या दुप्पट ब्युटेनॉल बनवायचा, आणि तेव्हा ते कुणालाच नको होतं. युद्ध संपलं, मोटारींचा जमाना आला, गाड्यांच्या रंगासाठी ब्युटेनॉल लागू लागलं. मग तेच मुख्य आणि ॲसिटोन जोडधंदा. जीवाणू तोच, वाटा त्याच, बाजार बदलला. हाच वाइझमन पुढे इस्राएलचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

पिंपरी: डोळे मिटून निवड

आता परत महाराष्ट्रात. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. पिंपरी-चिंचवड आज ज्या उद्योगनगरीसाठी ओळखलं जातं, त्याच्या पायात बुरशीची टाकी आहे, हे किती जणांना माहीत असतं?

पेनिसिलिनची बुरशी मुळात फार थोडं औषध देते. ते वाढवायची जगभरची पद्धत अशी: बुरशीवर क्ष-किरण किंवा अतिनील किरण मारायचे, तिच्यात वाटेल तसे बदल होऊ द्यायचे, हजारो नमुने वाढवायचे आणि जास्त औषध देणारा उचलायचा. मग त्याच्यावर पुन्हा तेच. आपले शेतकरी बियाणं निवडतात तसंच, फक्त घाईत. फायदा प्रचंड झाला. पण नेमकं कुठलं दारं फुटलं आणि कुठलं बुजलं, हे त्या वेळी कुणाला सांगता येत नव्हतं.

पिंपरीच्या शास्त्रज्ञांनी फक्त परदेशी बुरशी वाढवली नाही, बरं का. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या जीवाणूंमधून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. ज्या जीवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. एका सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरी कायमची कोरली गेलीय.

मग तेल आलं

अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड, ॲसिटिक ॲसिड, इथाइल ॲसिटेट अशी रसायनं बनवणारा उद्योग महाराष्ट्रात उभा राहिला. कोपरगावजवळच्या साकरवाडीत सोमय्यांनी साखरेच्या शेजारीच रसायनं बनवायला घेतली, ते याचं ठळक उदाहरण. पण 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई-ठाण्याला नाफ्था क्रॅकर सुरू झाले. खनिज तेलातून तीच रसायनं स्वस्त आणि मोठ्या प्रमाणात. मळीचं अल्कोहोल पुन्हा मुख्यतः दारू आणि थोड्या रसायनांपुरतं उरलं.

आणि मागे राहिलं ते स्पेंट वॉश. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर तपकिरी, गरम, आम्लयुक्त पाणी. गावाकडे त्याला सरळ मळीचं पाणी म्हणतात. ओढ्यात सोडलं तर मासे मरतात, विहिरीत उतरलं तर पाणी चहाच्या रंगाचं होतं. एका डिस्टिलरीच्या खालच्या अंगाला आमच्या नात्यातलं एक रान आहे. लहानपणी तिथल्या विहिरीचं पाणी आम्ही प्यायचो, पुढे ते जनावरंही पिईनात. आता नियम कडक झालेत, बऱ्याच ठिकाणी हे पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात. पण एका पिढीनं ती किंमत मोजली.

1991: हिशोबवही उघडली

1991 साली जेम्स बेली या अमेरिकन अभियंत्यानं सायन्स नियतकालिकात एक लेख लिहिला आणि या सगळ्या उद्योगाला शास्त्र म्हणून नाव दिलं, मेटाबॉलिक इंजिनिअरिंग. चयापचयाची अभियांत्रिकी. म्हणणं असं की जनुकं बदलता येतात, आता किरण मारून नशीब आजमावायचं कशाला? जाळं समजून घ्या आणि हवं तेच दारं धरा.

पण जाळं मोठं आहे. 1996 ला यीस्टचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला, 1997 ला ई. कोलाय या जीवाणूचा. त्यावरून बर्नहार्ड पाल्सन आणि इतरांनी पेशीची हिशोबवही मांडायला घेतली. 2011 च्या ई. कोलायच्या वहीत 1366 जनुकं आणि 2251 अभिक्रिया आहेत. आता एवढ्या दाऱ्यांतून कुठून किती पाणी वाहतं, हे मोजणार कसं?

युक्ती किराणा दुकानाच्या वहीसारखी आहे. पेशी नीट वाढत असताना आत कुठलाही पदार्थ साठत नाही. जेवढा आला तेवढा गेला. म्हणजे प्रत्येक पदार्थासाठी जमा बरोबर खर्च, असं एक समीकरण. अशी शेकडो समीकरणं मांडायची, साखर किती आत येते ते सांगायचं, आणि कॉम्प्युटरला विचारायचं: पेशीला जास्तीत जास्त वाढायचं असेल तर ती कुठली दारं किती उघडेल? उत्तर सेकंदात येतं, आणि अनेकदा प्रयोगाशी बऱ्यापैकी जुळतं.

2003 साली बर्गार्ड, प्रीती फारक्या आणि मरानस यांनी प्रश्न उलटा केला. कुठली दारं कायमची बुजवली, तर पेशीला स्वतःचं पीक भिजवण्यासाठी आपल्या रानातूनच पाणी न्यावं लागेल? म्हणजे ती जेवढी वाढेल तेवढं आपलं रसायन बनेल. तिला मारून-मुटकून कामाला लावायचं नाही. तिचा स्वार्थ आणि आपला स्वार्थ एका चारीला बांधायचा. या पद्धतीला ऑप्टनॉक म्हणतात, आणि मला विचाराल तर शंभर वर्षांतली ही सगळ्यात हुशार कल्पना.

आणि ती कागदावर राहिली नाही. जीनोमॅटिका या कंपनीनं 2011 साली ई. कोलायकडून ब्युटेनडायॉल बनवून दाखवलं. स्पँडेक्सचे कपडे, प्लास्टिक यांत लागणारं हे रसायन निसर्गात कुठलाच जीव बनवत नाही, असं मानलं जातं. 2016 ला इटलीत त्याचा मोठा कारखाना सुरू झाला.

पण सगळं गोड नाही

इथे थांबून एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. बायोॲम्बर नावाच्या कंपनीनं कॅनडात साखरेपासून सक्सिनिक ॲसिड बनवायचा मोठा कारखाना उभा केला. विज्ञान चोख होतं. पण 2014 नंतर खनिज तेलाचे भाव कोसळले, ग्राहक स्वस्त मालाकडे वळले, आणि 2018 ला कंपनी दिवाळखोरीत गेली. पेशीच्या आतली दारं धरता आली तरी बाजाराची दारं दुसराच कुणीतरी धरतो.

हे सोलापूरला वेगळं सांगायला नको. 2018 नंतर सरकारनं बी-हेवी मळी आणि उसाच्या रसापासून इथेनॉल काढायला चांगला दर दिला. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या. मग 7 डिसेंबर 2023 ला, ऐन गळीत हंगामात, साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंदीचा आदेश आला. पुढे काही दिवसांत तो थोडा सैल झाला, 2024 च्या ऑगस्टमध्ये निर्बंध उठले. पण तो हंगाम गेला. यीस्ट तयार, टाक्या तयार, आणि एका कागदानं दारं बुजलं.

मग सोलापूरनं काय करायचं?

सुरुवातीचा हिशोब आठवा. अल्कोहोल केलं की 100 किलो ग्लुकोजचे 51 किलो. पण त्याच साखरेचं लॅक्टिक ॲसिड केलं तर? कागदावर 100 किलोचे 100 किलो. एकही कार्बन उडत नाही. दही विरजताना घरोघरी जे होतं तेच. आणि या लॅक्टिक ॲसिडपासून पीएलए नावाचं जैवप्लास्टिक बनतं. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं जेजुरीला त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. माळशिरसहून जेजुरी काही लांब नाही, पालखीचीच वाट.

अर्थात यातही मेख आहे. टाकी आंबट झाली की जीवाणू थांबतो, म्हणून चुना घालावा लागतो, आणि शेवटी जवळजवळ मालाइतकंच जिप्सम उरतं. म्हणून जगभर आंबटपणा सोसणारे यीस्ट घडवायचं काम चालू आहे. पुन्हा तेच, दारं धरण्याचं.

उडून जाणाऱ्या वायूचंही काम मुंबईत झालंय. आयआयटी मुंबईतल्या प्रमोद वांगीकर यांच्या गटाला पवई तलावाच्या पाण्यात एक निळंहिरवं सूक्ष्म शेवाळ सापडलं, खूप वेगानं वाढणारं. 2018 ला त्यांनी ते जगापुढे मांडलं. ते साखर खात नाही. ऊन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगतं. पुढे त्याची जनुकं बदलून त्याच्याकडून सक्सिनिक ॲसिड बनवून घेतलं. अजून प्रयोगशाळेतच आहे, पण विचार करा, डिस्टिलरीच्या टाकीतून जे उडतं तेच ज्याचं अन्न, असा जीव आपल्याच राज्यातल्या तलावात होता.

आणि सोलापुरात रसायनाचा अनुभव नाही असंही नाही. 1988 साली स्थापन झालेली बालाजी अमाइन्स इथलीच. तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीला तिचा कारखाना आहे, आणि तिच्या इथाइल अमाइन्सचा कच्चा माल इथेनॉलच आहे.

मग कमी काय आहे? ऊस आहे, मळी आहे, टाक्या आहेत. कमी आहे ती वही वाचणारी पोरं. आणि ही गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली. ई. कोलाय आणि यीस्टच्या त्या हिशोबवह्या आज इंटरनेटवर फुकट मिळतात. कोब्रापाय नावाचं पायथनमधलं सॉफ्टवेअर फुकट आहे. गूगल कोलॅबवर, मोबाईलच्या ब्राउझरमध्येसुद्धा, ते चालतं. एक जनुक बंद करून बघायचं, वाढ किती घटली, लॅक्टिक किती वाढलं. बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करणाऱ्या कुणालाही हे महिन्याभरात जमेल. न्यूबर्गकडे यातलं काहीच नव्हतं.

मी असं म्हणत नाही की यानं उसाचा प्रश्न सुटेल. दुष्काळी जिल्ह्यात एवढा ऊस असावा का, हा वेगळा वाद आहे आणि तो झालाच पाहिजे. पण जो ऊस लागलाय, ज्यासाठी उजनी रिकामी झालीय, ज्याच्या कालव्याच्या टोकाला अजून पाणी पोचत नाही, त्या उसातल्या प्रत्येक कार्बनचं काय होतं हे आपल्याला माहीत असायला हवं. शंभर वर्षं तो कार्बन कुठे जाणार हे आधी यीस्टनं, मग तेलाच्या बाजारानं, मग दिल्लीनं ठरवलं. रात्री उठून पाण्याची दारं धरणारी माणसं आपली. आतली दारं धरणारीही आपली असायला काय हरकत आहे?

पुढच्या वेळी काच वर करताना एवढं आठवा. आणि तुमच्यापैकी कुणी डिस्टिलरीत काम करत असेल, किंवा कोलॅबवर हे करून बघितलं, तर नक्की कळवा. एखादा भाग तुमच्याबरोबरच करू.

भेटू पुढच्या भागात. तोवर, राम राम मंडळी!